शाळा-कॉलेजच्या खेळाडूंना जाहिरातीचे पैसे : अमेरिकेतला ‘एनआयएल’ नियम नेमका काय आहे?

अमेरिकेत कॉलेजचा खेळ म्हणजे मोठा धंदा आहे. एकट्या मिशिगन विद्यापीठाच्या मैदानात लाखावर माणूस बसतो. तिकिटं, टीव्हीचे हक्क, टी-शर्ट, सगळ्यातून पैसा येतो. पण 2021 पर्यंत खेळणाऱ्या पोराच्या हातात काय पडायचं? मुख्यतः फी आणि राहण्या-जेवणाची सोय. बाहेर कुणाची जाहिरात केली तर खेळणंच बंद. कॉलेज खेळांची तिथली मुख्य संघटना ‘एनसीएए’ म्हणायची, विद्यार्थी हा हौशी खेळाडू आहे, त्याला पैशाचं काय काम!

एड ओबॅनन या माजी बास्केटबॉलपटूला एका व्हिडिओ गेममध्ये स्वतःसारखाच खेळाडू दिसला. नंबरही त्याचाच. गेम विकला जात होता, याला दमडी नाही. 2009 मध्ये तो कोर्टात गेला आणि 2014 मध्ये जिंकला. 2019 मध्ये कॅलिफोर्निया राज्याने खेळाडूंच्या बाजूने कायदा केला. शेवटी 1 जुलै 2021 पासून एनसीएएने परवानगी दिली. यालाच ‘एनआयएल’ म्हणतात, म्हणजे स्वतःचं नाव, फोटो आणि ओळख वापरू देऊन पैसे घेण्याचा हक्क.

इन्स्टाग्रामवर जाहिरात टाकणे, सह्या देणे, दुकानात हजेरी लावणे, अशी कामं असतात. नेब्रास्का विद्यापीठाच्या एका फुटबॉलपटूचं नाव डीकोल्डेस्ट क्रॉफर्ड, म्हणजे जवळपास ‘सगळ्यात थंड’. 2022 मध्ये त्याला तिथल्या एसी दुरुस्तीवाल्यांनीच जाहिरातीला घेतलं!

हायस्कूलचं मात्र राज्यागणिक वेगळं. बहुतेक राज्यांत आता परवानगी आहे, पण जाहिरातीत शाळेचं नाव, गणवेश, बोधचिन्ह सहसा चालत नाही. दारू, तंबाखू, जुगार यांची जाहिरातही नाही. 2021 मध्ये टेक्सासात शाळकरी खेळाडूंना बंदी होती, म्हणून क्विन युअर्सने शाळेचं शेवटचं वर्ष सोडून थेट ओहायोचं कॉलेज गाठलं. उत्तर कॅरोलिनात एका खेळाडूच्या आईने 2024 मध्ये कोर्टात जाऊन सरकारी शाळांमधली बंदी उठवून घेतली.

खरी गोम करारात आहे. जर्व्हॉन डेक्स्टर हा फ्लोरिडा विद्यापीठाचा फुटबॉलपटू. 2022 मध्ये एका कंपनीने त्याला 4,36,485 डॉलर दिले, म्हणजे त्या वेळचे साधारण सव्वातीन-साडेतीन कोटी रुपये. बदल्यात पुढे व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर कर कापण्याआधीच्या कमाईतले 15 टक्के, तेही 25 वर्षं. ऊसतोडीची उचल ज्यांनी घेतली आहे त्यांना हा हिशोब समजावून सांगायला नको. तो निवडला गेला, आणि 2023 मध्ये हा करार रद्द करा म्हणून त्याला कोर्टात जावं लागलं. दुसरा जेडन रशाडा. 1 कोटी 38 लाख 50 हजार डॉलरचा करार ठरला, पैसे आलेच नाहीत, त्याने दुसरं कॉलेज धरलं आणि 2024 मध्ये दावा लावला.

शिवाय या कमाईवर कर लागतो, आणि घरच्या परिस्थितीवर मिळणारी शैक्षणिक मदत कमी होऊ शकते. खेळाडू अल्पवयीन असेल तर सही आई-बापाची लागते. म्हणून वकिलाला कागद दाखवल्याशिवाय सही करू नये, असं तिथे खेळाडूंना बजावलं जातं.

जून 2025 मध्ये कोर्टाने आणखी एक मोठी तडजोड मंजूर केली. आता कॉलेज स्वतः खेळाडूंना पैसे देऊ शकतं. पहिल्या वर्षाची मर्यादा एका कॉलेजला सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर. बाहेरचा करार 600 डॉलर किंवा त्याहून मोठा असेल तर त्याची नोंद करावी लागते.

आपल्याकडचं कुणी खेळाच्या शिष्यवृत्तीवर तिकडे जाणार असेल, तर एक अडचण आहे. विद्यार्थी व्हिसावर बाहेर काम करून कमावायला कडक बंधनं आहेत आणि जाहिरात करणं हेही काम धरलं जाऊ शकतं. व्हिसा गेला तर शिक्षणही जाईल, तेव्हा कुठल्याही कंपनीला होकार देण्याआधी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्यावं.