सक्ती कोणावर? : बडोदे संस्थानातील सक्तीच्या शिक्षणाचा एक धडा



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी उभा जन्म हजेरीपत्रकावरील एकेका नावामागचे मूल ओळखण्यात घालविला. त्यांच्या स्मृतीला वंदन करून आजच्या विषयाकडे वळतो. विषय त्याच हजेरीपत्रकाचा आहे. मुलाला शाळेत घालावे की न घालावे, हे ठरविण्याचा अधिकार आईबापांचा की सरकारचा? आणि सरकार मुलाला सक्तीने शाळेत नेते, ते नेमके कशासाठी?

प्रारंभ घरच्या एका आठवणीने करतो. माझी आजी, म्हणजे आईची आई, बडोदे संस्थानातील एका तालुक्याच्या गावी वाढली. तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून होते. मुलीला शाळेत पाठवावे असे त्यांच्या मनात मुळीच नव्हते; पण संस्थानात सक्तीचा कायदा होता आणि मूल शाळेत न धाडणाऱ्यास दंड होई. सरकारचा चाकर आणि त्यालाच सरकारचा दंड, ही नाचक्की नको म्हणून आजीला सातव्या वर्षी शाळेत बसविण्यात आले. दहावे सरले आणि कायद्याची मुदत संपली, त्या दिवशी तिची पाटी माळ्यावर गेली. बाराव्या वर्षी लग्न झाले. गावात शाळा गुजराती होती, म्हणून ती गुजराती अक्षरे शिकली. बालबोध लिपी तिने पुढे भावाच्या पुस्तकांवरून आपली आपणच जुळवून घेतली. म्हातारपणी पोथी वाचता वाचता ती हसून म्हणे, "मला बापाने नाही रे शिकवलं, दंडाने शिकवलं." आजचे माझे सारे विवेचन या एका वाक्यावरचे भाष्य आहे, असे समजण्यास हरकत नाही.

हा कायदा करणारे महाराज सयाजीराव यांचे स्वतःचे बालपण आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मोठे विलक्षण आहे. १८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या खेड्यात एका शेतकरी घराण्यात जन्मलेला गोपाळ वयाच्या बाराव्या वर्षापर्यंत निरक्षर होता. १८७५ साली मल्हारराव गायकवाड यांना पदच्युत करण्यात आले, आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यात खंडेरावांच्या विधवा राणी जमनाबाई यांनी गोपाळला दत्तक घेतले. एलियट हे इंग्रज अधिकारी त्याचे शिक्षक नेमले गेले; दिवाण सर टी. माधवराव राज्यकारभार पाहू लागले. शेतात वावरणाऱ्या मुलाला राजकारणाच्या निर्णयाने आईबापांच्या घरातून उचलून अभ्यासिकेत आणून बसविण्यात आले. सहा वर्षांत, १८८१च्या अखेरीस, त्याच्या हाती राज्याची पूर्ण सूत्रे आली. उशिरा मिळालेली अक्षरओळख माणसाचे काय करते, हे या राजाला पुस्तकातून शिकावे लागले नाही. आणि मूल आईबापांपासून दूर करून घडविण्याची किंमत काय असते, हेही त्याला ठाऊक असलेच पाहिजे.

सक्तीच्या शिक्षणाची मागणी अर्थातच त्याच्याही आधीची आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा जोतीराव फुले यांनी किमान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे असे मागितले होते. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या कष्टांतून, आणि तिच्यातून शिक्षणावर होणारा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या वाट्याला जातो. फुल्यांच्या मागणीत सक्ती शब्दाची दिशा आपण नीट पाहिली पाहिजे. वरवर पाहता ती आईबापांवरची सक्ती आहे. पण तिचा खरा रोख सरकारवर आहे. मुलांना यायला भाग पाडायचे तर आधी शाळा उघडाव्या लागतात, मास्तर नेमावे लागतात, पैसा खर्चावा लागतो.

इंग्रज सरकारने ती मागणी बाजूला ठेवली. बडोद्याने मात्र १८९३ साली काठेवाडातील अमरेली शहरात व आसपासच्या काही खेड्यांत प्रयोग सुरू केला. तेरा वर्षे अनुभव घेतल्यावर १९०६ साली साऱ्या संस्थानास सक्ती लागू झाली. मुलग्यांसाठी वयोमर्यादा सात ते बारा, मुलींसाठी सात ते दहा. शिक्षण मोफत होते. आजारपण, शाळेचे अंतर, घरची खरी अडचण अशा कारणांसाठी सूट होती. तरीही जो पालक मूल धाडीत नसे त्याला दंड. त्याच सुमारास, १९०४ साली, बालविवाहास प्रतिबंध करणारा कायदाही बडोद्यात झाला होता. त्याने मुलीचे वय बारा आणि मुलग्याचे सोळा ठरविले. मुलाने कधी शिकावे आणि त्याचे लग्न कधी व्हावे, या दोन्ही गोष्टी तोवर निखळ घरच्या मानल्या जात. त्या दोन्हींत संस्थानाने उंबरा ओलांडून आत पाऊल टाकले.

या सक्तीचा भार कोणावर पडला? सधन सावकाराच्या मुलाला कायद्याची गरज नव्हती. तो आधीच शिकत होता. दंड बसे तो गुराख्याला, शेतमजुराला, धाकट्या भावंडाचा पाळणा हलविण्यासाठी थोरल्या मुलीला घरी ठेवणाऱ्या आईला. दंडाची वसुली वर्षाला हजारो रुपयांच्या घरात जाई, आणि टीकाकार तिच्याकडे बोट दाखवीत. ही टीका आपण झटकून टाकू नये. ज्या घरात मुलाचे दोन हात हीच मिळकत, तेथे शाळा ही त्या मिळकतीवर बसविलेली एक पट्टीच होती. फी माफ झाली तरी बुडालेली मजुरी कोणी भरून देत नव्हते.

दुसरी अडचण अधिक कटू. अंत्यज मानलेल्या मुलांसाठी संस्थानाने वेगळ्या शाळा काढल्या, पण तेथे शिकवायला सवर्ण हिंदू शिक्षक तयार होईनात. तेव्हा मुसलमान शिक्षकांवर आणि पुढे आर्यसमाजी कार्यकर्त्यांवर भिस्त ठेवावी लागली. कायदा बापाला दंड करू शकत होता. आपल्याच नोकराच्या मनातला विटाळ काढणे त्याला साधले नाही. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, कसूर करणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला, आणि १९१९ साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांबरोबर बसविण्याचा हुकूम काढला. मुलांना शाळेत आणणे ही एक पायरी आणि एका सतरंजीवर बसविणे ही दुसरी, हे शाहू महाराजांनी ओळखले होते.

बडोद्याचा दाखला हाती घेऊन नामदार गोपाळ कृष्ण गोखले केंद्रीय कायदेमंडळात उभे राहिले. १९१० साली ठराव आणि मार्च १९११मध्ये विधेयक. विधेयक अतिशय सावध होते: सहा ते दहा वयाच्या मुलग्यांपुरते, तेही जेथे शाळेत जाण्याचे प्रमाण आधीच ठराविक मर्यादेस पोचले आहे, तेथील स्थानिक संस्थेने इच्छा केली तरच, दरमहा दहा रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकास फी माफ. १९११च्या जनगणनेत देशातील साक्षरता सुमारे ६ टक्के होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या मागणीचा माफकपणा कळतो. तरीही १९ मार्च १९१२ रोजी ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. लोकांची मागणी नाही, पैसा नाही, सक्तीने असंतोष माजेल, असे सरकारपक्षाचे म्हणणे होते. पालकांच्या स्वातंत्र्याविषयीचा हा कळवळा कर वसूल करताना मात्र कधी दिसत नसे. एका संस्थानिकाला परवडलेली गोष्ट साम्राज्याला परवडत नव्हती!

सक्तीला सर्वच विरोध स्वार्थाचा होता असे मात्र नाही. महात्मा गांधींनी १९२४ साली सक्तीच्या शिक्षणाविषयी स्पष्ट नापसंती लिहून दाखविली होती. जे जनतेने आपखुशीने घ्यावे ते दंडाने का लादावे, हा त्यांचा प्रश्न होता. तेच गांधीजी १९३७च्या वर्धा परिषदेचे अध्यक्ष होते, आणि त्या परिषदेने सात वर्षांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा ठराव केला. मला यात विसंगती वाटत नाही. शाळेत शिकवायचे काय, हे बदलले म्हणजे सक्तीचा अर्थही बदलतो. मातृभाषेतून आणि हातच्या उद्योगातून शिकविणारी शाळा पालकाला परकी वाटणार नाही, अशी त्यांची श्रद्धा होती.

म्हणजे प्रश्न येऊन ठेपतो तो हेतूवर. युरोपात प्रशियाने १७६३ साली ग्रामशाळांचा नियम केला तो आज्ञाधारक, धर्मशील प्रजेसाठी. इंग्लंडने १८७०मध्ये शाळामंडळे स्थापिली आणि १८८०मध्ये हजेरी सक्तीची केली, ती कामगारांना मतदानाचा हक्क मिळू लागल्यावर. राजाला प्रजा हवी असते, कारखान्याला कामगार, लोकशाहीला नागरिक. पण मूल स्वतः काय होऊ पाहते, हे कोणी विचारायचे? सयाजीरावांच्या धोरणात या प्रश्नाचे एक अर्धे उत्तर मला दिसते. चार-पाच वर्षांची अक्षरओळख वापराविना पुसून जाते हे दिसल्यावर त्यांनी १९१० साली अमेरिकेतून बोर्डेन या ग्रंथपालांना बोलाविले आणि गावोगाव वाचनालये व फिरती ग्रंथालये यांचे जाळे उभारले. प्रजा केवळ आज्ञाधारक हवी असती, तर तिला पुस्तके पुरविण्याची गरज नव्हती. दंड शाळेच्या दारापर्यंत आणतो. पुढची वाट पुस्तक दाखविते.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील ४५व्या कलमाने दहा वर्षांत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा असे सांगितले. ती मुदत १९६० साली टळली. १९९३ साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे शिक्षण मूलभूत हक्क ठरविले. २००२च्या ८६व्या घटनादुरुस्तीने २१-अ हे कलम आले, आणि पालकांचे कर्तव्यही मूलभूत कर्तव्यांच्या यादीत नोंदले गेले. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून अमलात आला. त्या कायद्यात सक्ती या शब्दाची जी व्याख्या आहे, तिच्याकडे आपले लक्ष वेधतो. सक्ती म्हणजे सरकारवरचे बंधन: शाळा पुरविण्याचे, प्रवेश, हजेरी आणि शिक्षण पूर्ण होणे निश्चित करण्याचे. पालकाचे कर्तव्य सांगितले आहे, पण त्याला दंड नाही. अमरेलीपासून निघालेली सक्ती ११७ वर्षांनी आपले तोंड फिरवून सरकारकडे पाहू लागली. फुल्यांना जे अभिप्रेत होते ते असे उशिरा कायद्यात उतरले.

तरी जुना पेच सुटलेला नाही. २०१६ साली बालमजुरीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली. परंतु शाळेची वेळ सांभाळून वा सुटीत घरच्या, धोका नसलेल्या धंद्यात मदत करण्याची मुभा राहिली. पाळणा हलविणारी ती थोरली मुलगी या मुभेच्या आडोशाला आजही उभी असू शकते. तिच्यापर्यंत दंड पोचत नाही आणि घोषणाही पोचत नाही. पोचतो तो एखादा शिक्षक, जो पटावरचे गैरहजर नाव पाहून तिच्या दारात जातो आणि आईजवळ बसून अडचण काय आहे ते विचारतो.

आता आजीच्या त्या वाक्याकडे परत येतो. दंडाने तिला तीन वर्षे दिली. बापाच्या इच्छेविरुद्ध दिली, आणि मी त्या दंडाचा ऋणी आहे. पण दहाव्या वर्षी कायद्याने हात सोडला तेव्हा तिला धरून ठेवणारे दुसरे काहीच नव्हते. ना घर, ना शाळा. घरातले पीठ मोजता येण्याइतके गणित आणि पोथीपुरते वाचन तिच्याकडे उरले. लिहिणे सुटले ते सुटलेच. मुलावर आईबापांचा अधिकार मोठा आहे हे मी मानतो, परंतु तो मुलाच्या उद्यावरचा मालकी हक्क नव्हे. आणि सरकारचाही तो नव्हे. दोघेही विश्वस्त आहेत, आणि विश्वस्ताला हिशेब द्यावा लागतो. हा हिशेब मागण्याची जागा म्हणजे शाळा. ती जागा आमच्या या लहानशा शाळेने आजवर जपली, यापुढेही जपावी, अशी प्रार्थना करतो.