तोर्ग (स्लाव्ह शब्द)

तोर्ग हा 'बाजार' या अर्थाचा प्राचीन स्लाव्ह शब्द आहे. तो रशियन भाषेत तोर्ग, पोलिशमध्ये तार्ग, चेक व स्लोव्हाकमध्ये त्र्ह, तर स्लोव्हेन, क्रोएशियन व सर्बियन भाषांत त्र्ग या रूपांत आढळतो. स्लाव्ह लोकांच्या शेजारच्या अनेक भाषांनीही तो स्वीकारला असल्यामुळे पूर्व व उत्तर युरोपातील जुन्या व्यापारसंबंधांचा तो महत्त्वाचा भाषिक पुरावा मानला जातो.

व्युत्पत्ती

या शब्दाचे आदिस्लाव्ह रूप 'तुर्गु' असे मानले जाते. त्यातील दोन्ही 'उ' अतिऱ्हस्व होते. शब्दाच्या मुळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. एका मतानुसार तो बाल्कन व एड्रियाटिक किनाऱ्यावरील प्राचीन भाषांमधून आला. अल्बेनियन भाषेतील 'त्रेग' (बाजार) हा शब्द, तसेच तेर्गेस्ते (आजचे त्रिएस्ते) व ओपितेर्गियुम (आजचे ओदेर्झो) ही रोमनकालीन नगरनामे या मताच्या पुष्ट्यर्थ दिली जातात. तुर्की भाषाकुलातून किंवा 'व्यापारी' या अर्थाच्या अक्कादी 'तम्कारुम' या शब्दाशी संबंध जोडण्याचेही प्रयत्न झाले आहेत. मात्र ते सर्वमान्य झालेले नाहीत.

प्रसार

लिथुएनियन 'तुर्गुस', लाटव्हियन 'तिर्गुस' आणि एस्टोनियन 'तुर्ग' हे शब्द याच कुळातील आहेत. रोमेनियन भाषेत तो 'तर्ग' असा रूढ झाला. बाल्टिक समुद्रमार्गे होणाऱ्या व्यापारातून तो स्कँडिनेव्हियात पोहोचला. स्वीडिश व नॉर्वेजियन भाषांत 'तोर्ग' आणि डॅनिशमध्ये 'तोर्व्ह' ही त्याची रूपे होत.

फिनिश भाषेने हा शब्द दोनदा उसना घेतला. 'तुर्कु' हे रूप थेट पूर्व स्लाव्ह भाषेतून आले असून त्यात मूळ 'उ' स्वर टिकून आहे. 'तोरी' हे रूप नंतर स्वीडिशमधून आले. आज बाजारचौकासाठी 'तोरी' हा शब्द प्रचलित आहे, तर 'तुर्कु' मुख्यतः शहराच्या नावात उरला आहे.

अर्थातील बदल

मूळ अर्थ ठिकठिकाणी वेगवेगळ्या दिशांनी बदलला. बाजार गावाच्या मध्यवर्ती मोकळ्या जागेत भरत असल्याने स्लोव्हेन, क्रोएशियन, सर्बियन आणि स्वीडिश भाषांत या शब्दाला 'चौक' असा अर्थ आला. बल्गेरियनमध्ये त्याचा अर्थ 'लिलाव' असा झाला. पोलिशमध्ये त्यापासून बनलेल्या क्रियापदाचा अर्थ 'घासाघीस करणे' असा आहे.

रशियनमध्ये 'तोर्गोव्ल्या' म्हणजे व्यापार. सोव्हिएत काळात संस्थांच्या संक्षिप्त नावांत 'तोर्ग' हा घटक वारंवार येई. त्यांपैकी 'तोर्गसिन' (परदेशीयांशी व्यापार) या दुकानांत १९३२-३३ च्या दुष्काळात सामान्य नागरिकांनी लग्नाच्या अंगठ्या व घरातील सोने-चांदी देऊन पीठ आणि भाकरी मिळवली. ही दुकाने १९३६ मध्ये बंद झाली.

स्थलनामे

- तुर्कु – फिनलंडमधील सर्वांत जुने शहर.
- तोर्झोक – रशियातील शहर. नावाचा अर्थ 'छोटा बाजार'.
- नोव्ही तार्ग – पोलंडमधील शहर. अर्थ 'नवा बाजार'.
- तोर्गाउ – जर्मनीतील एल्बे नदीकाठचे शहर. येथे २५ एप्रिल १९४५ रोजी अमेरिकन व सोव्हिएत सैन्यांची भेट झाली.
- तर्गोविश्ते – रोमेनियातील शहर. वालाकिया संस्थानाची जुनी राजधानी.

'बाजार' शब्दाशी स्पर्धा

दक्षिणेकडील स्लाव्ह भाषांत उस्मानी तुर्कांच्या राजवटीत 'पझार' हा शब्द रुळला. बल्गेरियनमध्ये बाजारासाठी आज तोच वापरतात. सर्बियातील नोव्ही पझार या शहराच्या नावाचा अर्थही 'नवा बाजार' असाच आहे. 'पझार' आणि मराठीतील 'बाजार' हे दोन्ही शब्द मूळ फारसी. रोमेनियातील तर्गु मुरेश या शहराच्या नावात स्लाव्ह 'तर्ग' आहे, तर त्याच शहराच्या मारोश्वाशारहेय या हंगेरियन नावातील 'वाशार' हा शब्द इराणी कुळातील, म्हणजेच 'बाजार'चा सजातीय आहे.