भेग दिसायच्या आधी

मी सॉफ्टवेअरवाला. सर्व्हर पडला की मी तो पुन्हा चालू करतो. विमानाला ती सोय नाही.

१२ ऑक्टोबर १९७६. आपल्या अंधेरीला लागून असलेल्या सांताक्रूझ विमानतळावरून इंडियन एअरलाइन्सचं कॅराव्हेल मद्रासला निघालं. उड्डाणानंतर लगेच एक इंजिन फुटलं, आग लागली. पायलट मागे वळले, पण धावपट्टी गाठायच्या आतच विमान कोसळलं. ९५ जण होते, एकही वाचला नाही. कारण? इंजिनातल्या एका चकतीला पडलेली भेग.

तार पुढे-मागे वाकवत राहिलं की एकदम तुटते ना? त्यालाच धातूचा थकवा म्हणतात. लँडिंग गिअरचंही तसंच. प्रत्येक उतरण्यात कित्येक टनांचं ओझं त्याच्यावर येतं. म्हणून त्याच्या महत्त्वाच्या भागांची फेऱ्यांची मर्यादा ठरलेली असते. एक उड्डाण, एक उतरणं, झाली एक फेरी. मर्यादा संपली की भाग कितीही ठणठणीत दिसो, काढायचाच. एखादा भाग मुळातच सदोष निघाला, तर तो बदलण्याचे सक्तीचे आदेश निघतात. आपल्याकडे ते पाळले जातात की नाही, हे डीजीसीए बघतं.

‘चांगला चाललाय की, कशाला बदलता?’ असं कुणी म्हणालं, तर मला ती चकती आठवते. तीही शेवटच्या उड्डाणापर्यंत चालतच होती.