डॉक्टर येण्यापूर्वीचे हात

श्रोतेहो, २७ जुलै २०१९ ही तारीख आम्हां बदलापूरकरांच्या चांगली ध्यानात आहे. आदल्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली. गाडीत हजारावर उतारू, त्यांत नऊ गर्भवती स्त्रिया. आजूबाजूच्या गावांतली माणसे धावली, होड्या आल्या, सगळे सुखरूप बाहेर निघाले. पण समजा, त्या अंधारात एखादीला कळा सुरू झाल्या असत्या, तर पहिला हात कोणाचा लागला असता?

हा पहिला हात शिकवून तयार करायचा, ही कल्पना तशी अलीकडची. आपल्याकडे कंपाउंडर होता, ड्रेसर होता. पण त्यांचे काम दवाखान्याच्या चार भिंतींत. अमेरिकेचीही गत फार वेगळी नव्हती. पिट्सबर्ग शहरात रोग्याला न्यायला पोलिसांची गाडी यायची. आत उपचार करणारे कोणी नाही! १९६७ साली तिथे 'फ्रीडम हाऊस' नावाची सेवा निघाली. डॉ. पीटर साफर यांनी गरीब वस्तीतल्या कृष्णवर्णीय तरुणांना सुमारे ३०० तास शिकवले. शरीररचना, कृत्रिम श्वास, छातीवर दाब देणे, सगळे. त्यांतल्या काहींचे शालेय शिक्षणही पुरे झाले नव्हते. लोक ज्यांना बेकार म्हणून ओळखत, तेच मरणाच्या दारातून माणसे परत आणू लागले. १९७५ मध्ये शहराने आपली स्वतःची सेवा काढली आणि ही बंद पडली. पण पॅरामेडिकच्या शिक्षणाचा पाया तिथेच घातला गेला.

इतक्या लांब कशाला जायचे? १९७० साली नगर जिल्ह्यातल्या जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी काम सुरू केले. पुढे त्यांनी खेड्यांतल्या बायकांना आरोग्यसेविका केले. कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. एकदा शिकवून त्यांना सोडून दिले नाही, पुन्हा पुन्हा बोलावून शिकवले. खरी मेख आहे ती इथे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ गाड्यांनिशी, आणि गाडीवर डॉक्टर ठेवून. इतर अनेक राज्यांत गाडीवर तंत्रज्ञ असतो. डॉक्टर असणे चांगलेच, नाही कोण म्हणतो? पण त्यामुळे तंत्रज्ञ घडवण्याकडे आपले जरा दुर्लक्षच झाले, असे मला वाटते.

२०२१ च्या केंद्रीय कायद्याने मात्र पॅरामेडिकचे नाव आरोग्यव्यवसायांच्या यादीत आले. अशा संलग्न व्यवसायांच्या पदविकेला वा पदवीला किमान २००० तासांचे शिक्षण हवे, तेही दोन ते चार वर्षांत पसरलेले. कुठे ते ३०० तास आणि कुठे हे!

गुरुजी, बारावी विज्ञानाचा एखादा मुलगा पॅरामेडिकच्या वर्गाची जाहिरात घेऊन तुमच्याकडे येईल. सहा महिन्यांत प्रमाणपत्र, असे तीत छापलेले असेल. त्याला आधी तास मोजायला सांगा. आणि फी भरण्यापूर्वी एवढे विचारून ये म्हणावे : रुग्णवाहिकेत प्रत्यक्ष किती दिवस बसवणार, आणि शेजारी शिकवायला कोण असणार?