तळटीप १४ : ‘दत्तकपण’

१४. दत्तकपण : हा उल्लेख पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला आहे (८:१४–१७). पत्राचा काळ इ. स. ५७च्या सुमाराचा. दत्तक म्हटले की मराठी वाचकाला झाशीचे दामोदरराव आठवतील: वंश आणि गादी खुंटू नये म्हणून १८५३ मध्ये मांडीवर घेतलेले लहान मूल. रोमी दत्तकविधानाचा हेतूही वंश चालवणे हाच असला, तरी तिथे बहुधा वयात आलेला पुरुष दत्तक जाई. जन्मदात्याच्या सत्तेतून सुटून तो नव्या बापाच्या सत्तेखाली येई, त्याचे नाव लावी आणि औरस पुत्राच्या बरोबरीने वारस ठरे. पत्र पोचले तेव्हा रोमच्या गादीवर नीरो होता. पोटचा मुलगा ब्रिटानिकस असतानाही सम्राट क्लॉडियसने त्याला इ. स. ५० मध्ये दत्तक घेतले होते. दत्तकाचा हक्क किती पक्का असतो, हे रोमच्या मंडळीला वेगळे सांगावे लागले नसणार. पौल तोच हक्क सर्व श्रद्धावंतांना देतो. त्यांत स्त्रिया आल्या आणि ज्यांना कायद्याने कसलाच वारसा नव्हता ते गुलामही आले. त्या काळी हे फार मोठे धाडस होते. मात्र ख्रिस्ती सिद्धांतानुसार येशू हा स्वभावतःच देवाचा पुत्र, तर श्रद्धावंत हे कृपेने झालेली लेकरे. या वारशात ख्रिस्ताबरोबर दुःख सोसणेही येते, असे सतरावे वचन सांगते. वरील उताऱ्यातला छळाचा प्रसंग त्या अनुषंगाने वाचावा.