बेपत्ता झालेल्यांची नोंद

आपलं धरणगाव बालकवींचं, तसं ते पलटणीचंही गाव. १८२५ साली औट्रम साहेबानं भिल्ल कोअर उभी केली, तिचं ठाणं इथलंच. पण आज आम्ही ज्या शिपायांबद्दल बोलणार आहोत, ते फार दूर मेले, आणि पुष्कळांच्या घरी फक्त ‘बेपत्ता’ एवढाच शब्द आला.

दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण आफ्रिकेत, लिबियातल्या टोब्रुकला होती. २० जून १९४२ च्या सकाळी रोमेलच्या विमानांनी आणि रणगाड्यांनी या पलटणीच्याच मोर्चावर पहिला घाव घातला. दुसऱ्या दिवशी टोब्रुक पडलं. सुमारे ३३ हजार सैनिक कैद झाले, त्यांत आपली मराठी मुलंही होती. त्यांना समुद्रापलीकडे इटलीत नेलं. आवेझ्झानो गावाजवळ ९१ नंबरची छावणी होती, ती खास हिंदी कैद्यांची.

या कैद्यांना लंडनहून पार्सलं जायची. ‘इंडियन कम्फर्ट्स फंड’ नावाची संस्था त्यांत पीठ, डाळ, तूप, मसाल्याची पूड भरून पाठवायची. दोन वर्षं परमुलखात तारेच्या कुंपणामागे बसलेल्या माणसाला फोडणीचा वास काय वाटला असेल, हे पुरुष इतिहासकार लिहीत नाहीत. आपल्याला ते सांगावं लागत नाही.

८ सप्टेंबर १९४३ ला इटलीनं हत्यार ठेवल्याचं जाहीर झालं. छावण्यांचे पहारेकरी घरी पळाले आणि हजारो कैदी डोंगरात शिरले. जर्मन फौजा मागोमाग आल्या. पळालेल्या कैद्याला पकडून देणाऱ्याला १८०० लिरांचं बक्षीस लावलं, आणि आसरा देणाऱ्याला मरणाची शिक्षा. आता पाहा, अब्रुझ्झोचे ते डोंगरी लोक गरीब, मेंढरं राखणारे, मक्याच्या पिठाचा घट्ट घाटा खाऊन राहणारे. बक्षिसाचा पैसा त्यांच्या उपयोगी पडला असता. तरी बायांनी गोठ्यात, गवताच्या गंजीत या माणसांना लपवलं. भाषा कळत नव्हती, रंग वेगळा होता. आन्व्हेर्सा गावचा मिकेले देल ग्रेको हा मेंढपाळ कैद्यांना मदत केली म्हणून डिसेंबर १९४३ मध्ये गोळ्या घालून मारला गेला.

पळणाऱ्यांपैकी काही बर्फात गारठून गेले, काही सांग्रो नदीकडची युद्धरेषा ओलांडताना, काही पकडल्यावर जागेवरच. यातली शेवटची गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. १९२९ च्या जिनिव्हा करारानुसार कैद्यानं पळणं हा गुन्हा नव्हे. पकडला तर जास्तीत जास्त तीस दिवस कोठडी, एवढीच शिक्षा. म्हणजे पकडलेल्याला गोळी घालणं हा सरळ खून होता. मार्च १९४४ मध्ये एका जर्मन छावणीतून भुयार खणून ७६ वैमानिक निसटले. पकडून आणलेल्यांपैकी ५० जणांना मारलं. त्यावर पुढे खटला चालला, सिनेमा निघाला, जगाला ठाऊक झालं. डोंगरात एकटा-दुकटा मेलेल्या शिपायासाठी कोण खटला चालवणार?

इटलीतून जर्मनांनी उचललेले बरेच हिंदी कैदी फ्रान्समध्ये एपिनालला ठेवले होते. ११ मे १९४४ ला अमेरिकन विमानांनी त्या गावावर बॉम्ब टाकले. आपल्याच बाजूच्या बॉम्बनं साठाहून जास्त हिंदी कैदी मेले, आणि त्याच बॉम्बनं भिंती पडून बाकीच्यांना वाट मिळाली. शंभराहून जास्त किलोमीटर चालत सुमारे पाचशे जण स्वित्झर्लंडला पोचले. वाटेत एतोबों नावाचं लहान गाव होतं. तिथल्या घरांनी त्यांना जेवू घातलं. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला जर्मनांनी, बंडखोरांना साथ देतात म्हणून, त्या गावचे ३९ पुरुष शेजारच्या शेनेबिए गावी चर्चच्या भिंतीशी उभे करून मारले. एका दिवसात किती घरांत चूल विझली, याचा हिशेब आपणच करावा.

हे सगळं आपल्याकडे का सांगितलं जात नाही? आमचं मत असं की यांना कुणीच आपलं म्हटलं नाही. इंग्रजांसाठी ते भाडोत्री, स्वराज्य आल्यावर ते इंग्रजांचे नोकर. त्यात कैदेतले काही सुभाषबाबूंच्या जर्मनीतल्या फौजेत गेले, काही नाही गेले. दोघांबद्दलही बोलणं अवघड झालं. लढता लढता पडला त्याला मान मिळतो. माणगावजवळच्या पळसगावचे यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्यानं मशीनगनचं ठाणं घेऊन पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि २०२३ मध्ये इटलीतल्या मोंतोने गावानं त्यांच्या नावे सूर्यघडी उभारली. ते योग्यच झालं. पण पळताना मेलेल्याच्या अंगावर गणवेशही नसायचा.

इटलीकडे मात्र आठवण ठेवणारे आहेत. सुल्मोनाहून दरवर्षी त्या जुन्या पळवाटेनं शाळेची मुलं चालत जातात. सांग्रो नदीकाठच्या लष्करी स्मशानभूमीत दहन झालेल्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावं कोरलेली आहेत.

आता एक विनंती. घरात आजेसासूबाईंची जुनी पेटी असेल, तर तिच्यातले कागद रद्दीत देण्याआधी बघा. परदेशी छापील कार्डावर ‘पी. जी. ९१’ असेल तर तो आवेझ्झानोचा कैदी. एपिनालचं नाव किंवा ३१५ आकडा असेल तर तो फ्रान्समधला. पलटणीचा नंबर आणि नाव उतरवून घ्या. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत नाव आणि पलटण घालून शोधता येतं. कार्ड लॅमिनेट करू नका, कापडात गुंडाळून ठेवा.