मागची चाके

सोलापुराहून पुण्याकडे निघाले की लांबोटीला सीना ओलांडायची आणि थोड्याच वेळात मोहोळ गाठायचे, हा रस्ता पिढ्यान्‌पिढ्यांच्या पायाखालचा. पंढरपूरला जाणारे इथून डावीकडे वळतात, नागनाथाचे भक्त इथेच थांबतात, आणि बाकीचे चहा घेऊन टेंभुर्णीची वाट धरतात. भोवतालची माती काळी. वैशाखात भेगाळणारी आणि मृगाच्या सरींनी लोण्यासारखी होणारी. अशा मातीत वाहन हाकणाऱ्याला घसरण्याचे शास्त्र पुस्तकातून शिकावे लागत नाही. बैल पुढून ओढीत असले की गाडी त्यांच्यामागे निमूट येते. मात्र बाजाराच्या ओल्या फरशीवर हातगाडी मागून ढकलणारा हमाल पाहा. वळणावर त्याने जोर जरा जास्त लावला की त्याचे पाय बाहेर सरकतात आणि तो गाडीसकट तिरका होतो. कसलेला हमाल त्या क्षणी दांडी उलट्या बाजूला दाबतो आणि तसाच तिरका, पण तोल न जाऊ देता, वळण काढतो.

मोटारीच्या जगात पुढून ओढणाऱ्या चाकांना फ्रंट व्हील ड्राइव्ह म्हणतात आणि मागून ढकलणाऱ्यांना रिअर व्हील ड्राइव्ह. त्या हमालाने जे केले, त्याला म्हणतात ड्रिफ्टिंग. तरुण मंडळींत हल्ली या खेळाचे भारी वेड आहे, आणि त्यांचा वाद हमखास एका प्रश्नावर येतो : मागच्या चाकांवर चालणारी, वजनाला हलकी, दोन माणसांची स्पोर्ट्स गाडी या कामाला कितपत योग्य? प्रश्न आजचा खरा, पण त्याचे उत्तर इतिहासात पुष्कळसे सापडते. आणि मौज अशी, की त्या इतिहासाचा एक धागा मोहोळच्या शेजारी, सोलापुरातच, गुंतलेला आहे.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म सोलापूरचा, १८८२ सालचा. रेल्वेची कंत्राटे, जहाजे, विमाने, साखर असे एकेक करीत ते मोटारीपर्यंत आले. महायुद्धाच्या धामधुमीत इंग्रज सरकारने त्यांच्या मोटार कारखान्याला उत्तेजन असे दिलेच नाही. तरी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिल्या गाड्या बाहेर पडल्या. त्या होत्या अमेरिकन घराण्याच्या, अंगाने थोराड. पुढे इटलीच्या फियाटशी सोयरीक जमली. मार्च १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात फियाटने आपली नवी ११०० मांडली आणि पुढच्याच महिन्यात शेठजी वारले. ज्या गाडीने त्यांच्या कारखान्याचे नाव घरोघर नेले, ती गाडी कुर्ल्यात तयार होताना पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

ती गाडी म्हणजे आपली फियाट. पुढे १९७० नंतरच्या दशकात जिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले ती. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती चाळीस घोड्यांच्या आसपास, वजन सुमारे ९०० किलो. इंजिन पुढे, आणि त्याचा जोर एका लांब दांड्यावरून मागच्या चाकांना. मागे पाट्यांच्या कमानींवर बसवलेला अखंड आस. या गाडीतून लग्नाची वऱ्हाडे गेली, बाळंतिणी माहेरी आल्या, मुंबईत तर तिने काळा-पिवळा पेहराव करून दोन पिढ्यांची चाकरी केली. तिला कोणी स्पोर्ट्स गाडी म्हणेल, तर ऐकणारा हसेल.

हसण्यापूर्वी मात्र इटलीत जाऊन यावे लागते. फियाटमध्ये दान्ते जाकोसा नावाचा अभियंता होता. हे १०८९चे इंजिन तेव्हा फियाटच्या आधीच्या गाड्यांतून धावत होते, आणि पिएरो दुसिओ या तुरीनच्या उद्योगपतीला ते वापरून शर्यतीची गाडी हवी होती. जाकोसाने फियाटचीच माहितीतली अंगे घेऊन ती रेखली. नळ्यांचा पिंजरा, त्यावर पत्र्याचे पातळ कातडे, एकट्या चालकापुरती जागा, आणि जोर मागच्या चाकांना. नाव चिसितालिया डी ४६. वजन चारशे किलोंच्या आतबाहेर आणि शक्ती साठेक घोड्यांची. म्हणजे एका घोड्याच्या वाट्याला साडेसहा किलो ओझे. आपल्या पद्मिनीत एका घोड्याच्या वाट्याला बावीस किलो येतात. जातकुळी एकच, एकीच्या पाठीवर मुंबईतला संसार, दुसरीच्या पाठीवर फक्त एक बुटका, काटकुळा माणूस.

तो माणूस ताझिओ नुव्होलारी. १९४६ साली तुरीनला चिसितालिया हाकताना तिचे स्टिअरिंग चाकच त्याच्या हातात निघून आले. ते एका हाताने प्रेक्षकांना दाखवीत, दुसऱ्या हाताने उरलेला दांडा धरून तो गाडी हाकीत राहिला, ही हकीकत मोटारीच्या इतिहासात अजून चवीने सांगतात. पुढच्याच वर्षी, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, आजारी शरीराने त्याने मिल्ले मिलिया ही रस्त्यावरची हजार मैलांची शर्यत चिसितालियाच्याच उघड्या गाडीत घेतली. गाडी तीच ११०० जातीची, आणि प्रतिस्पर्धी कितीतरी दांडगे. शेवटच्या टप्प्यात पावसाचे पाणी इंजिनाच्या विजेच्या भागात शिरले नसते, तर दुसऱ्याऐवजी त्याचा पहिला क्रमांकही आला असता.

वळणावर गाडीची चारही चाके थोडी-थोडी सरकू द्यायची आणि गाडीला तशीच तिरकी वाहू द्यायची, या युक्तीचे श्रेय बरेच जण नुव्होलारीला देतात. हे आजचे ड्रिफ्टिंग नव्हे. आजच्या खेळात मागचे अंग पार बाहेर फेकतात, पुढची चाके उलटी धरतात, टायरांचा धूर काढतात, आणि गुण मिळतात ते वेगाबरोबर कोनाला आणि ऐटीला. नुव्होलारीला ऐट नको होती, वेळ वाचवायचा होता. पण दोन्हींचा पाया एकच : मागच्या चाकांनी एकाच वेळी ढकलायचे आणि धरायचे, आणि ढकलणे वाढले की धरणे सुटायचे. पुढून ओढणाऱ्या गाडीत जोर वाढवला की नाकच वळणाबाहेर जाते. शेपूट काही केल्या जोरावर फिरत नाही. म्हणून गोव्याशी नाव जोडले गेलेली सॅन स्टॉर्म ही हलकी, उघड्या टपाची, दोन माणसांची गाडी दिसायला कितीही नखरेल असली, तरी या खेळाला ती नाही. तिचा जोर पुढच्या चाकांना होता.

मग हलकेपणाने नेमके काय साधते? गाडी चटकन तिरकी होते आणि चटकन सरळही होते, कारण फिरवायला आणि थांबवायला वस्तुमान थोडे. वळणापूर्वी ब्रेकवर नुसता पाय ठेवला की भार पुढे जातो, मागची चाके मोकळी होतात, आणि शेपूट सुटते. त्यासाठी राक्षसी इंजिन लागत नाही. टायर कमी झिजतात, हे मध्यमवर्गीय कारणही आहेच. जपानमध्ये हे सगळे अनुभवाने सिद्ध झाले. तिथल्या शर्यतींत कुनिमित्सु ताकाहाशी १९७० नंतरच्या दशकात गाडी घसरवत वळणे काढीत असे. ते पाहून केइची त्सुचिया तयार झाला आणि घाटातल्या रस्त्यांवर त्याने त्या युक्तीचा खेळ केला. त्याची लाडकी गाडी १९८३ सालची टोयोटाची एई ८६. तीही मुळात साध्या कोरोला घराण्यातली! वजन साधारण साडेनऊशे किलो, म्हणजे आपल्या पद्मिनीहून थोडेसेच जास्त. पण घोडे १३०, म्हणजे घोड्यामागे सात किलो. इटलीतले १९४६चे गणित जपानी घाटात पुन्हा जमले ते असे.

१९८९ साली माझ्दाने एमएक्स ५ काढली. प्रेमाने तिला मियाता म्हणतात. दोन माणसांची, उघड्या टपाची, वजनाने एई ८६च्याच जोडीची, घोडे ११५च्या घरात, आणि भार पुढच्या-मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मा-निम्मा. वादाचे मूळ सहसा हीच गाडी असते. तिच्याबद्दल माझे मत सरळ आहे. शिकायला ती उत्तम, दाखवायला मध्यम. कारण तिच्या पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर २,२६५ मिलिमीटर. एई ८६चे २,४००. लांब काठी तळहातावर तोलणे सोपे, आखूड काठी तोलणे अवघड, हे कोणत्याही पोराला ठाऊक असते. आखूड गाडी सुटली की भोवऱ्यासारखी गिरकी घेते, आणि उलट स्टिअरिंग द्यायला चालकाला निमिषभराचाच अवधी मिळतो. शिवाय कोरड्या रस्त्यावर शंभर-सव्वाशे घोडे लांबवर धूर काढायला पुरत नाहीत. घसरण टिकवायची तर वेग आधीच घेऊन यावा लागतो. आणि मागच्या आसातले डिफरन्शियल साधे असले, तर आतले चाक एकटेच गरगरते आणि बाहेरचे ढिम्म राहते. दोन्ही चाकांना जोर बांधून देणारे वेगळे डिफरन्शियल बसवल्याशिवाय खेळ रंगत नाही. दांडग्या गाडीत चूक जोराखाली झाकता येते, हलकीत ती लगेच उघडी पडते. कडक शिक्षकाच्या हाताखाली लवकर शिकतात, तशातला हा प्रकार.

आता आपल्या फियाटकडे परत येऊ. तिच्या चाकांतले अंतर २,३४० मिलिमीटर, म्हणजे मियाता आणि एई ८६ यांच्या बरोबर मधले. वजन दोघींहून कमी. मागची चाके तर होतीच. उणीव फक्त घोड्यांची आणि डिफरन्शियलची, आणि हौशी लोकांनी ती आपापल्या परीने भरून काढलीही. मद्रासजवळ शोलावरमच्या धावपट्टीवर सुधारलेल्या फियाटा वर्षानुवर्षे शर्यतीत पळाल्या. मुंबईकरांनी तर असली कला घरबसल्या पाहिली. १९६८ साली लंडनहून सिडनीला निघालेल्या मोटारी मुंबईपर्यंत रस्त्याने आल्या आणि इथून बोटीवर चढल्या. मुंबईत आघाडीवर पोहोचला तो रॉजर क्लार्क, गाडी तिरकी हाकण्याबद्दलच नावाजलेला, आणि त्याची लोटस कॉर्टिना ही तशीच हलकी, मागच्या चाकांची, दिसायला घरगुती गाडी.

असे असून कुर्ल्याच्या कारखान्यातून त्या इंजिनावरची एकही हलकी दोन माणसांची गाडी बाजारात आली नाही. दोष कारखान्याला देणे सोपे आहे, मला ते पटत नाही. ज्या देशात साध्या फियाटसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहायची, किती गाड्या बनवायच्या हे परवान्यावर ठरायचे आणि किंमतीवरही सरकारचा हात असायचा, तिथे गंमतीची गाडी काढायला कोण धजावणार? इटलीत युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या शहरात हौशीला जागा मिळाली. आपल्याकडे तिला अर्ज करावा लागला असता.

आणि जाकोसाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. याच माणसाने इंजिन आडवे ठेवून, त्याच्या टोकाला गिअरपेटी जोडून पुढची चाके फिरवण्याची मांडणी १९६४च्या ऑटोबियांकी प्रिमुलात आणि मग १९६९च्या फियाट १२८ मध्ये रूढ केली. जगभरच्या छोट्या गाड्यांनी पुढे तीच मांडणी उचलली. लांब दांडा गेला, जागा वाढली, किंमत उतरली. डिसेंबर १९८३ मध्ये आपल्याकडे मारुती ८०० आली ती पुढच्या चाकांवरच. आणि पद्मिनीचे दिवस भरले. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवला नोंदली गेली. वीस वर्षांची मुदत संपून २०२३च्या दिवाळीच्या तोंडावर तीही रस्त्यावरून उतरली.

मोहोळच्या चौकात उभे राहिले तर आज समोरून जाणाऱ्या छोट्या मोटारी बहुतेक सगळ्या पुढून ओढणाऱ्या, बैलगाडीच्या वळणाच्या. मागून ढकलणाऱ्यांत राहिल्या मालमोटारी, एसट्या, काही जीपा, आणि गळिताच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढणारे ट्रॅक्टर. काळ्या मातीच्या ओल्या वाटेवर असा ट्रॅक्टर मुख्य रस्त्याला लागण्यासाठी वळतो तेव्हा मागची दांडगी चाके फिरत फिरत आडवी सरकतात, चालक बिडी न काढता स्टिअरिंग उलटे फिरवतो, आणि ट्रॉल्यांची माळ हळूहळू सरळ होते.